खोडदला ऐकू आलेली साद

१९ ऑक्टोबर २०१६, बुधवार. आश्विन वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी. कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते आणि उपास सोडायचा तर चंद्रोदयासाठी रात्री नऊच्या सुमारापर्यंत थांबावं लागणार होतं. अंधार पडल्यावर अकलूजच्या नीरेकाठी उभं राहून दक्षिण-नैर्ऋत्येला पाहिलं असतं, तर धनू राशीत एक तांबूस ठिपका सहज दिसला असता. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या माळावर पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्यांनी त्याच ठिपक्याकडे तोंड वळवलं होतं.

सात वाजून गेले आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर गोंगाटाच्या ठिपक्यांतून एक बारीक रेघ वर आली. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून कुणीतरी बोलत होतं. बोलणाऱ्याचं नाव स्कियापारेली. मंगळावर उतरायला निघालेलं, ५७७ किलो वजनाचं युरोपीय यान. त्याच्याकडे सौरपंख नव्हते. पुन्हा भरता येईल अशी बॅटरीसुद्धा नव्हती. एकदा संपली की संपली, अशा बॅटरीवर ते चाललं होतं, आणि त्याच मोजक्या विजेतून थोडी खर्चून ते साद घालत होतं. ती साद पृथ्वीसाठी नव्हतीच. तरीही ती खोडदला ऐकू आली, यामागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

त्यातला महाराष्ट्रापुरता भाग गंमत वाटावी इतका एकाच नदीच्या खोऱ्यात घडला. खोडदच्या जवळून वाहणाऱ्या नद्यांचं पाणी घोडमधून भीमेला मिळतं. पुण्याजवळच्या खडकीची मुळाही शेवटी भीमेतच येते. दौंड तर थेट भीमेच्या काठावर. पुढे नीरा-नरसिंगपूरला अकलूजची नीरा या सगळ्या पाण्याला भेटते. १९२७ साली इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात मार्कोनी पद्धतीची ‘बीम’ बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवण्याचं केंद्र खडकीला होतं आणि पलीकडून येणारे संदेश दौंडला घेतले जात. त्याआधी विलायतेची तार समुद्रतळाच्या केबलमधून येई. बीम पद्धतीत लघुलहरींचा एक झोत करून तो नेमक्या दिशेला सोडायचा. चारी दिशांना उधळलेली शक्ती वाया जाते. एका दिशेला धरली तर थोडक्या शक्तीतही आवाज फार लांब पोचतो. आज सौरमालेच्या कडेला गेलेली यानंही पृथ्वीशी याच तत्त्वावर बोलतात.

ही बिनतारी यंत्रणा १९४७ साली सरकारकडे आली आणि तिची ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली. याच संस्थेने १९७१ साली नारायणगावजवळ आर्वीला देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू केलं. पुढे त्याला विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. आता संदेश येणार होता छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडून. उपग्रहाचा प्रक्षेपक दुबळा, म्हणून जमिनीवरची तबकडी थोरली हवी. आर्वीची तबकडी सुमारे तीस मीटरची होती. डोंगरांच्या आडोशाला, शहरांच्या विद्युत-गोंगाटापासून दूर अशी जागा जुन्नर-नारायणगावच्या बाजूला सापडते, हे यातून ठळक झालं.

दुसरा धागा खगोलशास्त्राचा. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ सूर्याचं निरीक्षण करणाऱ्या बत्तीस छोट्या तबकड्या निकालात निघाल्या होत्या. त्या भेट म्हणून भारतात आल्या. परदेशातून परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेले गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली त्या मुंबईजवळ कल्याणला मांडल्या. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात अशी दुसऱ्याच्या जुन्या सामानावर झाली. पाच वर्षांत त्याच गटाने उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली, आणि १९९०च्या दशकात खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी.

जीएमआरटीत तीस तबकड्या आहेत. चौदा मधल्या चौकोनात, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फांद्यांवर, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. अशा आकाराची भरीव तबकडी बांधायची तर खर्चाचा डोंगर, आणि वाऱ्याचा मार सोसायला पोलादाचा आणखी एक डोंगर. स्वरूप यांनी त्यावर काढलेली तोड साधी आणि विलक्षण होती. ताणलेल्या दोरांवर बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी बसवायची. लहरींची लांबी जाळीच्या छिद्रांहून कितीतरी मोठी, त्यामुळे त्या परावर्तित होतात. वारा मात्र आरपार निघून जातो. रस्त्यावरून पाहणाऱ्याला तबकडी रिकामी भासते, तिच्यातून आभाळ दिसतं. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनाच्या प्रदर्शनाला आसपासच्या गावांमधल्या शाळांची मुलं इथे येतात, तेव्हा ती मान वर करून ही जाळीच बघत राहतात.

ही दुर्बीण यानांसाठी बांधलेली नाही. दूरच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन, पल्सार तारे, स्फोटांचे उरलेले ढग, हा तिचा विषय. तिने मंगळावरच्या पाहुण्याची साद ऐकावी, असा योग का आला, हे समजायला यानांच्या विजेचा हिशोब पाहावा लागतो.

अवकाशात वीज मिळवायचे मार्ग मोजके. सूर्याजवळ असाल तर सौरपंख. मंगळावर पृथ्वीच्या निम्म्याहून कमी ऊन पडतं, तरीही तिथे पंख चालतात. आपल्या मंगळयानाचे पंख मंगळाजवळ सुमारे ८४० वॅट देत. गुरूपाशी ऊन पृथ्वीच्या चार टक्क्यांवर येतं. त्यापलीकडे जायचं तर प्लुटोनियम-२३८ बरोबर न्यावं लागतं. हे मूलद्रव्य किरणोत्सर्गाने आपोआप तापत राहतं आणि त्या उष्णतेपासून वीज करता येते. हलणारा एकही भाग नाही, ऊन नको, रात्र-दिवस नाही. साडेसत्त्याऐंशी वर्षांच्या आसपास त्याची धग निम्मी होते. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर-१ मध्ये अशा तीन भट्ट्या होत्या आणि सुरुवातीला त्या मिळून ४७० वॅट देत. दरवर्षी त्यातले चारेक वॅट कमी होत गेले, म्हणून नासाच्या लोकांनी एकेक उपकरण आणि एकेक हीटर बंद करत यान जागं ठेवलं आहे.

इतक्या तुटपुंज्या विजेतून बोलण्याच्या वाट्याला किती यावी? व्हॉयेजरचा प्रक्षेपक जेमतेम वीस-बावीस वॅटचा आहे. जुन्या पिवळ्या दिव्यांतल्या चाळीसच्या दिव्याहून कमी. अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौपटीने घटते, आणि व्हॉयेजर आता चोवीसशे कोटी किलोमीटरच्या पलीकडे आहे. म्हणून ते आपली ३.७ मीटरची तबकडी अचूक पृथ्वीकडे रोखून धरतं आणि अगदी सावकाश बोलतं, सेकंदाला १६० बिट. बाकी सगळा भार पृथ्वीवर. कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन, स्पेनमधलं माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा इथल्या सत्तर मीटरच्या तबकड्या अतिथंड केलेल्या ग्राहकांनी तो आवाज टिपतात. ही तीन ठिकाणं पृथ्वीभोवती अशी वाटून दिलेली आहेत की पृथ्वी फिरत असली तरी एकाच्या तरी आभाळात यान असतंच. बोलणारा जितका अशक्त, तितके ऐकणाऱ्याचे कान मोठे हवेत. दौंडपासून खोडदपर्यंतच्या सगळ्या बांधकामाचं गमक एवढंच आहे.

मंगळावर उतरणाऱ्या यानाला मात्र थोरली तबकडी परवडत नाही आणि आपटत-गिरक्या घेत खाली येताना ती पृथ्वीकडे रोखताही येत नाही. ते छोट्या अँटेनातून सुमारे ४०० मेगाहर्ट्झवर बोलतं, डोक्यावरून जाणाऱ्या मंगळाच्या उपग्रहाशी. उपग्रह तो निरोप साठवतो आणि आपल्या मोठ्या तबकडीने पृथ्वीला पोचवतो. तेव्हा स्कियापारेलीची हाक शेजारच्या घरी ऐकू जावी इतक्याच बेताची होती. नासाच्या तीन केंद्रांमधल्या तबकड्या या वारंवारतेवर ऐकतच नाहीत.

मग पृथ्वीवरून ऐकायचा अट्टाहास कशाला? त्याला दोन जुन्या जखमा कारण होत्या. ३ डिसेंबर १९९९ रोजी नासाचं मार्स पोलर लँडर मंगळाच्या वातावरणात शिरलं आणि पुन्हा कधी बोललं नाही. उतरताना संदेश पाठवायची सोयच खर्च वाचवण्यासाठी गाळली होती. यान कुठे, कसं फसलं हे तपासणाऱ्यांना तर्काने ठरवावं लागलं. २००३ च्या नाताळात ब्रिटिश बीगल-२ याच तऱ्हेने गप्प झालं. ते फुटलं असं बहुतेकांनी धरून चालवलं. २०१५ साली वरून घेतलेल्या छायाचित्रांत ते सापडलं, तेव्हा कळलं की ते बऱ्यापैकी नीट उतरलं होतं. सौरपंखांच्या पाकळ्या पूर्ण उघडल्या नव्हत्या आणि अँटेना त्यांच्याखाली दडून राहिली होती. विजेची आणि बोलण्याची सोय एकाच बिजागरीत अडकली. अकरा वर्षं कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. या दोन जखमांनंतर उतरताना बोलत राहायचं आणि पृथ्वीवरून कुणीतरी ऐकायचं, हा दंडक पडत गेला.

युरोपीय अवकाश संस्था आणि रशियाची रॉसकॉसमॉस यांच्या एक्सोमार्स मोहिमेत स्कियापारेली हे उतरण्याची रंगीत तालीम म्हणून होतं. त्याची विजेची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. रशियाने त्यासाठी प्लुटोनियमवरचा शंभर वॅटचा वीजस्रोत देऊ केला होता. तसं झालं असतं तर यानाने मंगळाचं सबंध एक वर्ष तिथल्या हवामानाची नोंद घेतली असती. पण अशा सामानाच्या निर्यातीचे रशियातले नियम किचकट ठरले, आणि अखेर साधी बॅटरी आली. मुदत फार तर आठ मंगळी दिवस. कागदावरच्या एका परवानगीने एका यानाचं आयुष्य वर्षावरून आठवड्यावर आणलं.

१४ मार्च २०१६ रोजी बैकानूरहून प्रोटॉन अग्निबाणाने ट्रेस गॅस ऑर्बिटर हा उपग्रह आणि त्याच्या पोटाशी बिलगलेलं स्कियापारेली निघाले. १६ ऑक्टोबरला दोघांची फारकत झाली. पुढचे तीन दिवस स्कियापारेली झोपून होतं, कारण जागं राहणं म्हणजे बॅटरी खाणं. वातावरणात शिरायच्या पंच्याहत्तर मिनिटं आधी उठायचं आणि साद घालायला लागायचं, असं त्याच्या संगणकात भरलेलं होतं.

त्या वेळी अमेरिकेत मंगळ उगवलेलाच नव्हता आणि युरोपात तो क्षितिजापासून फारसा वर नव्हता. भारताच्या आभाळात मात्र तो चांगला वर होता. शिवाय खोडदच्या तबकड्यांवर त्या सुमारास नवे ग्राहक बसवले जात होते, २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा अख्खा पट्टा ऐकणारे. स्कियापारेलीचे ४०१ मेगाहर्ट्झ त्यात बरोबर बसत. अनेक तबकड्यांचे सिग्नल ताल जुळवून एकत्र केले की त्या एकाच अवाढव्य तबकडीसारख्या वागतात. अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे सामी अस्मार आणि त्यांचे सहकारी, पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे यशवंत गुप्ता आणि खोडदचे अभियंते यांनी मिळून ही तयारी केली. त्यातून यानाने पाठवलेली माहिती वाचता येणार नव्हती. फक्त साद आहे की नाही, आणि तिचा सूर चढतोय की उतरतोय, एवढं कळणार होतं.

पण सुरातही पुष्कळ असतं. गाडी शिट्टी वाजवत स्टेशनातून निघून गेली की तिचा सूर खाली येतो. यानाचा वेग बदलला की सादेची वारंवारता अशीच सरकते. वातावरणाने ब्रेक लावला, हवाई छत्री उघडली, असा प्रत्येक टप्पा त्या बारीक रेघेच्या वळणात उमटणार होता.

साद ठरल्या वेळी आली. प्रकाशवेगाने निघालेल्या लहरींना इथवर यायला पावणेदहा मिनिटं लागत होती. भारतीय वेळेनुसार रात्री ८ वाजून १२ मिनिटांनी स्कियापारेली ताशी एकवीस हजार किलोमीटरच्या वेगाने मंगळाच्या हवेत शिरलं, तेव्हा खोडदला ते अजून अवकाशातच होतं. सहा मिनिटांत सगळा खेळ आटोपणार होता. म्हणजे शेवटचा सूर इथे पोचण्याआधीच तिथे जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार. जर्मनीत डार्मस्टाटच्या नियंत्रण कक्षात सगळ्यांचे डोळे खोडदहून येणाऱ्या रेघेवर होते, कारण त्या क्षणाला दुसरी कुठलीच ताजी बातमी नव्हती. यानासोबत निघालेला उपग्रह स्वतः मंगळाच्या कक्षेत शिरण्यासाठी इंजिन पेटवून बसला होता आणि त्याने नोंदवलेलं नंतर यायचं होतं.

रेघ वळली, सरकली, पुढे गेली. साडेआठच्या आसपास, उतरण्याची वेळ व्हायच्या थोडं आधी ती दिसेनाशी झाली. संकष्टीचा चंद्र अजून उगवायचा होता.

उपग्रहाने साठवलेली माहिती रात्रीतून आली आणि तिनेही तेच सांगितलं: अपेक्षित वेळेच्या सुमारे पन्नास सेकंद आधी आवाज थांबला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरने यान जिथे उतरायचं होतं त्या मेरिडियानी मैदानाचं छायाचित्र घेतलं. त्यात एक पांढरा ठिपका होता, म्हणजे बारा मीटरची छत्री, आणि थोड्या अंतरावर नवा काळा डाग.

पुढच्या वर्षी चौकशी अहवाल आला. छत्री उघडताना यान अपेक्षेपेक्षा जास्त गिरकलं. गिरकी मोजणारं उपकरण जेमतेम सेकंदभर त्याच्या कमाल आकड्यावर अडकून राहिलं. संगणकाने तो आकडा खरा मानून हिशोब चालू ठेवला आणि यान किती कललं आहे याबद्दल त्याचा साफ गैरसमज झाला. रडारने उंची कळवली, तेव्हा या चुकीच्या कलाशी जुळवून त्याने उत्तर काढलं: आपण जमिनीच्या खाली आहोत. प्रत्यक्षात यान ३.७ किलोमीटर वर होतं. संगणकाने छत्री सोडून दिली, गती रोखणारे रॉकेट तीन सेकंद पेटवून बंद केले आणि जमिनीवर पोचल्यावर सुरू करायची उपकरणं चालू केली. त्यानंतर दगड पडावा तसं ते पडलं, ताशी सुमारे ५४० किलोमीटरने.

हे सगळं सांगता येतं, यातच १९९९ आणि २०१६ मधला फरक आहे. यान गेलं, पण ते शेवटपर्यंत बोलत होतं. सविस्तर माहिती उपग्रहाने आणली हे खरं. तरी त्याच घटकेला, उपग्रह दुसऱ्या कामात गुंतलेला असताना, साक्षीला खोडद होतं. यान जागं झालं, आत शिरलं, हे जगाला आधी इथून कळलं. अभियंत्यांनी त्यावर लिहिलेला शोधनिबंध २०१९ साली ‘रेडिओ सायन्स’ या नियतकालिकात आला. ट्रेस गॅस ऑर्बिटर अजूनही मंगळाभोवती फिरतो आणि पृष्ठभागावरच्या अमेरिकी गाड्यांचे निरोप पृथ्वीवर आणून देतो. ज्या रोझालिंड फ्रँकलिन गाडीसाठी ती तालीम होती, ती रशियाशी सहकार्य तुटल्यामुळे रखडली आणि आता २०२८ मध्ये निघायची आहे.

विजेचा हिशोब भारताच्या यानांनाही चुकला नाही. अकलूजहून नीरा ओलांडली की इंदापूर तालुक्यात वालचंदनगर लागतं. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरची आवरणंही घडतात. अशाच अग्निबाणाने, पीएसएलव्हीने, नोव्हेंबर २०१३ मध्ये मंगळयान नेलं. बंगळूरजवळ ब्याललूला बत्तीस मीटरची तबकडी त्याच्याशी बोलत असे. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान आठ वर्षं टिकलं. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये मंगळाची सावली त्याच्यावर पुन्हा पुन्हा पडली, आणि त्यातलं एक ग्रहण साडेसात तास चाललं. बॅटरी होती एक तास चाळीस मिनिटांच्या अंधाराला पुरेल एवढी. इंधनही सरलं असावं असं इस्रोने त्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं. संपर्क तुटला तो कायमचा.

चंद्रावरचा विक्रम लँडरही उन्हावरच जगला. २३ ऑगस्ट २०२३ ला तो उतरला, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झोपवला गेला, आणि चौदा दिवसांच्या गोठवणाऱ्या रात्रीनंतर सूर्य उगवला तरी त्याने हाकेला ओ दिली नाही. मात्र त्याला चंद्रापर्यंत पोचवणाऱ्या प्रॉपल्शन मॉड्यूलमध्ये एक नवी गोष्ट होती. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेले दोन किरणोत्सारी तापक त्यात बसवले होते, प्रत्येकी एक वॅटचे. त्यांच्यापासून वीज मिळत नाही, फक्त ऊब. प्लुटोनियमवरच्या शंभर वॅटच्या भट्टीपुढे हे अगदीच किरकोळ. पण उपकरणं गारठून मरू नयेत म्हणून उन्हाची वाट पाहावी न लागणं, याचा तो पहिला भारतीय प्रयोग होता. इस्रोने ते मॉड्यूल चंद्राभोवतून वळवून पृथ्वीच्या कक्षेत परत आणलं. ४ डिसेंबर २०२३ रोजी ही बातमी जाहीर झाली, तेव्हा ट्रॉम्बेचे ते दोन तापक त्याच्यासोबत माघारी आले होते.